गोळ्यांची पिशवी आणि बी-१२ची उणीव : गोदाकाठच्या एका शेतकऱ्याचे प्रकरण

या प्रकरणातील गृहस्थ ७२ वर्षांचे, बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका गावचे शेतकरी. घरात आणि भावकीत त्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवले आहे. ओळख पटू नये यासाठी घरचे काही तपशील बदलले असले, तरी आजाराचा क्रम जसा घडला तसाच मांडला आहे. आप्पा माळकरी. मधुमेह अकरा वर्षांपासून. रक्तदाब नाही, दारू नाही, तंबाखू पूर्वी होती ती माळ घातल्यावर सुटली. तालुक्याच्या गावी माझ्या दवाखान्यात थोरल्या सुनेने त्यांना आणले, तेव्हा तिची मुख्य तक्रार अशक्तपणाची होती आणि मागणी ‘एखादी चांगली ताकदीची गोळी’ लिहून देण्याची होती. ही मागणी मराठवाड्यातल्या कोणत्याही दवाखान्यात रोज होते आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत पुरीही केली जाते. आप्पांच्या बाबतीत ती गेल्या दोन वर्षांत अनेकदा पुरी झालेली होती, आणि त्यामुळेच मूळ आजार हाती लागायला उशीर झाला होता.

स्वतः आप्पांची तक्रार वेगळी होती. “पाय मपले नाहीत असं वाटतंय बघा. खाली माती हाय का फरशी, काई कळंना,” असे ते म्हणाले. चालताना एका पायातली चप्पल मागे राहते आणि दहा पावले पुढे गेल्यावर कुणीतरी हाक मारून सांगते तेव्हा लक्षात येते, हे त्यांनी जरा संकोचाने सांगितले. सकाळी मोरीत तोंड धुताना डोळ्यांवर पाण्याचा हबका मारला, डोळे मिटले, की तोल जातो आणि भिंत धरावी लागते, हे मात्र त्यांनी आपणहून सांगितले नाही. मी विचारल्यावर सांगितले. पायांच्या बधिरपणाची तक्रार करणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाला हा प्रश्न विचारायलाच हवा, असे मला वाटते. पायातल्या नसांकडून येणारी जाणीव कमी झाली, की माणूस डोळ्यांनी तोल सांभाळू लागतो. मग डोळे मिटले किंवा अंधार झाला, की तो आधारही जातो. आप्पा संध्याकाळनंतर घराबाहेर पडेनासे झाले होते. ‘वय झालं’ असे म्हणून घरच्यांनी ते मान्य करून टाकले होते.

घरचे ताट

आहाराची चौकशी करताना ‘काय काय खाता’ असे विचारले तर सर्व घरांतून ‘सगळं खातो’ हेच उत्तर येते. म्हणून सुनेकडून कालच्या दिवसाचा पहाटेपासूनचा हिशोब घेतला. पहाटे चहा आणि दोन टोस्ट. दहाच्या सुमारास ज्वारीची एक भाकरी, वरण किंवा पिठले, चवीला शेंगदाण्याची चटणी. दुपारी पुन्हा चहा. चारला चहा. संध्याकाळी भाकरी येसरच्या आमटीत किंवा उडदाच्या घुट्यात कुस्करून, कारण खालचे दात बरेचसे पडलेले. पालेभाजी आठवड्यातून दोनदा. फळ म्हणजे कुणी आणलेच तर केळे, आणि तेही ‘साखर वाढेल’ या भीतीने अर्धे. दोन्ही एकादश्या आणि सोमवार यांच्या उपवासाला साबुदाणा, भगर.

या ताटाला नावे ठेवण्याजोगे फारसे काही नाही. ज्वारी, डाळी, शेंगदाणे, उडीद यांत लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि बहुतेक ब-जीवनसत्त्वे पुरेशी असतात. मराठवाड्याच्या जेवणातली ही जमेची बाजू आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ ही लोह व जस्ताचे प्रमाण जास्त असलेली ज्वारी आणि ‘एएचबी १२००’ हा किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह असलेला बाजरीचा संकरित वाण शेतकऱ्यांना दिला आहे, म्हणजे भाकरीतूनच खनिजे वाढवण्याचे काम आपल्याच मातीत चालले आहे. परंतु या ताटात बी-१२ जवळजवळ नव्हते. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. ते प्राण्यांच्या शरीरात साठते आणि दूध, अंडी, मासे, मांस यांतून माणसाला मिळते. धान्य, डाळी आणि भाज्यांत ते भरवशाचे नसते. शेवग्याच्या पाल्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा शैवालाच्या गोळीतून बी-१२ मिळते असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांवर विसंबून वर्ष काढणे शाकाहारी वृद्धाला परवडणारे नाही.

शाकाहारी माणसाच्या हाती मग उरते ते दूध. आप्पांच्या घरी चार वर्षांपूर्वीपर्यंत म्हैस होती; रात्री भाकरी दुधात कुस्करून खाण्याची त्यांची जन्माची सवय होती आणि दुपारच्या जेवणाला दही किंवा ताक असेच. आप्पांच्या पत्नी वारल्या, त्यापाठोपाठ पाणीटंचाईच्या वर्षी चाऱ्याअभावी म्हैस विकली, आणि घरातले दुभते संपले. आता डेअरीचे अर्धा लिटर दूध येते आणि ते चहापुरते, चार माणसांत. आप्पांच्या वाट्याला दिवसाला फार तर दीडशे मिलिलिटर, तेही पुनःपुन्हा उकळलेले. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम बी-१२ असते, उकळताना त्यातले काही जाते, आणि गरज दिवसाला सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅमची. निरोगी माणसाच्या यकृतात याचा काही मिलिग्रॅमचा साठा असल्यामुळे तूट आली तरी ती लगेच दिसत नाही, वर्षे जातात. म्हैस विकल्याचे वर्ष आणि पाय बधिर होण्याचे वर्ष यांत दोन-तीन वर्षांचे अंतर पडले. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे घरात कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

पिशवीत काय होते

सुनेने सोबत आणलेली कापडी पिशवी मी टेबलावर रिकामी करायला सांगितली. चिठ्ठी पाहून औषधांचा खरा हिशोब लागत नाही. माणूस प्रत्यक्ष काय गिळतो, ते पिशवीत दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १,००० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सुरुवातीपासून. ‘पित्ताची गोळी’ म्हणून पॅन्टोप्राझोल, रोज सकाळी उपाशीपोटी, चार वर्षांपासून. ती मुळात एका सर्दी-तापाच्या औषधांबरोबर पोटाला त्रास नको म्हणून दिली गेली होती आणि पुढे चालूच राहिली. पायांच्या झिणझिण्यांसाठी रात्री प्रीगाबालिन; बाजारात हे औषध बहुधा बी-१२च्या एका प्रकारासह, म्हणजे मिकोबालामिनसह, मिळते, पण आप्पांच्या पाकिटावर मिकोबालामिनचा उल्लेख नव्हता. रक्तवाढीची लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आणि शिवाय वेगळी ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी, दीड वर्ष. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसाला दोन. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी, दर रविवारी, चौदा महिने. ई जीवनसत्त्वाची ४०० एककांची कॅप्सूल. जस्ताची ५० मिलिग्रॅमची गोळी. आणि मेडिकलवाल्याने दिलेली एक बहुजीवनसत्त्व गोळी, जिच्या मागच्या बारीक अक्षरांत बी-१२ एक मायक्रोग्रॅम असे लिहिले होते.

म्हणजे जीवनसत्त्वे आणि खनिजे यांवर घर दर महिन्याला चांगला पैसा खर्च करत होते, आणि ज्या एका घटकाची उणीव होती तो नगण्य प्रमाणात मिळत होता.

तो मिळूनही अंगी का लागत नव्हता, हे समजण्यासाठी त्याचा पोटातला मार्ग पाहावा लागतो. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि जठरातले आम्ल ते सोडवते. मग जठराच्याच आतल्या थरातून पाझरणारे एक विशिष्ट प्रथिन त्याला धरते, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. वय वाढले की अनेकांच्या जठराचा आतला थर झिजतो आणि आम्ल कमी होते. पित्ताची गोळी उरलेले आम्ल दाबते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आतड्याच्या शेवटच्या टप्प्यावरचे शोषण मंदावते. आप्पांच्या बाबतीत ताटात तूट, जठरात अडथळा आणि आतड्यात अडथळा अशा तिन्ही गोष्टी एका वेळी आल्या होत्या. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना सूचना केली, की मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांत बी-१२ कमी होणे ही अपेक्षेपेक्षा अधिक आढळणारी बाब आहे आणि लक्षणे दिसताच रक्त तपासावे; अमेरिकेतील मधुमेह संघटनेचाही अधूनमधून तपासणी करण्याचा सल्ला आहे. आपल्याकडे, जिथे मेटफॉर्मिन घेणाऱ्या वृद्धांत शाकाहारी मोठ्या संख्येने आहेत, तिथे ही तपासणी अधिक नेमाने व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी

आप्पांची जीभ लालभडक आणि गुळगुळीत होती, साल निघाल्यासारखी. ठेचा सोसेनासा झाल्याचे त्यांनी दातांवर ढकलले होते. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा दुहेरी काटा, वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, “काही थरथरतंय का?” असे विचारले, “न्हाई.” घोट्यावर टेकवला, “न्हाई.” नडगीच्या मध्यावर टेकवला, तेव्हा जरा थांबून, “हां, उलिसं.” गुडघ्यावर मात्र लगेच “हाय की.” डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या पायाचा अंगठा वर-खाली हलवला, तेव्हा तो कुठल्या दिशेला हलला हे त्यांना सांगता आले नाही. दोन्ही पाय जुळवून उभे करून डोळे मिटायला सांगताच ते डावीकडे कलले. घोट्याचा प्रतिक्षेप, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप झटकला जाणे, मिळाला नाही, पण गुडघ्याचा अपेक्षेपेक्षा जोरदार होता.

ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. निव्वळ मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील, तर प्रतिक्षेप मंदावतात. घोट्याचा जाऊन गुडघ्याचा वाढला असेल, तर बिघाड फक्त पायाच्या नसांत नसून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही आहे अशी शंका घ्यावी लागते, आणि बी-१२च्या अभावात नेमके हेच घडते. मधुमेह आहे आणि पाय बधिर आहेत, एवढ्यावर ‘शुगरमुळे नसा गेल्या’ असे म्हणून थांबण्याचा मोह मोठा असतो, कारण ते विधान पुष्कळदा खरेही ठरते. परंतु मधुमेहाने गेलेल्या नसा बहुतेक परत येत नाहीत, तर बी-१२ने अडलेल्या नसा वेळेत उपचार झाल्यास बऱ्याच अंशी परत येऊ शकतात. त्यामुळे दुसरी शक्यता आधी तपासून बाजूला काढणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरते.

रक्तातले आकडे

रक्त घेण्यापूर्वी मी सुनेला एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारली : गेल्या काही महिन्यांत कुणी लाल रंगाचे ‘ताकदीचे इंजेक्शन’ दिले होते का? गावोगावी सलाइनमध्ये असे इंजेक्शन मिसळून देण्याची चाल आहे. ते दिल्यानंतर रक्तातला बी-१२चा आकडा फुगलेला दिसतो आणि उणीव झाकली जाते. आप्पांना ते दिलेले नव्हते.

बी-१२ ११८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. २००च्या खाली उणीव धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. हिमोग्लोबिन ११.२, तांबड्या पेशींचा सरासरी आकार १०४, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना वाजवीपेक्षा जास्त खंड पडलेले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन १४०, अगदी ठीक. हे ठीक होते म्हणून हायसे वाटले, कारण वयस्कर पुरुषात लोहाची उणीव निघाली, तर ती आहाराची आहे असे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या लिहिणे धोक्याचे असते. जठर किंवा आतड्यातून नकळत रक्त जात नाही ना, गाठ किंवा व्रण नाही ना, हे आधी पाहावे लागते. थायरॉइड व मूत्रपिंडाचे आकडे ठीक, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.३. ड जीवनसत्त्व ९२ नॅनोग्रॅम, म्हणजे पुरेशापेक्षा पुष्कळ वर. कॅल्शियम १०.६, वरच्या मर्यादेला ओलांडणारे. आणि मॅग्नेशियम १.५, खालच्या मर्यादेच्याही खाली. पित्ताची गोळी दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिलेला आहे. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात ही आप्पांची तक्रार चिठ्ठ्यांवर कुठेच नोंदलेली नव्हती, तिचे एक कारण इथे मिळाले.

रक्त सुधारते, नसा सुधारत नाहीत

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग जुन्या अहवालात होता. दीड वर्षापूर्वी आप्पांचे हिमोग्लोबिन ९.४ होते. लोह आणि फॉलिक ॲसिड सुरू झाले आणि ते ११.२ वर आले. घरच्यांना समाधान वाटले, गोळी लिहिणाऱ्यालाही वाटले असणार, आणि ‘रक्त वाढलं’ म्हणून तीच गोळी पुढे चालू राहिली. याच दीड वर्षात त्यांचे पाय घोट्यापासून नडगीपर्यंत बधिर होत गेले.

असे का होते, याचा उलगडा वैद्यकाला होण्याच्या वाटेवर एक टप्पा मुंबईचाही आहे. लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांतील मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा अभ्यास त्यांनी केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले, आणि त्या अर्कातला घटक म्हणजेच पुढे फॉलिक ॲसिड ठरले. १९४०च्या दशकात ते कृत्रिमरीत्या तयार होऊ लागल्यावर घातक रक्तक्षयाच्या, म्हणजे बी-१२ शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या, रुग्णांवर वापरून पाहिले गेले, तेव्हा रक्त सुधारले, पण नसांचा आजार थांबला नाही. खरी गरज असलेले बी-१२ शुद्ध रूपात १९४८ मध्ये वेगळे झाले. रक्तपेशी तयार होताना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ एकत्र काम करतात, म्हणून भरपूर फॉलिक ॲसिड दिले तर बी-१२ नसतानाही तेवढे काम काही काळ भागते. नसांच्या आवरणासाठी मात्र बी-१२ला पर्याय नाही. त्यामुळे फॉलिक ॲसिडने धोक्याची खूण पुसली जाते आणि धोका चालू राहतो. रक्तक्षय असलेल्या वृद्धाला, विशेषतः मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहाऱ्याला, बी-१२ तपासल्याशिवाय नुसते फॉलिक ॲसिड देऊ नये, हा नियम वैद्यकाच्या पुस्तकांत कधीचा आहे.

पिशवीतल्या इतर गोळ्यांबद्दलही घरच्यांशी सविस्तर बोलणे झाले. ‘जीवनसत्त्वं काय, जास्त झाली तर लघवीवाटे जातात,’ हे सुनेचे म्हणणे काही ब-जीवनसत्त्वांपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. ड आणि ई ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे साचतात. आप्पांना ड जीवनसत्त्वाची पुडी सुरू झाली तेव्हा त्यांचा आकडा १४ होता, म्हणजे ती देणे योग्यच होते. म्हातारपणी त्वचेची ड जीवनसत्त्व तयार करण्याची ताकद घटते, आणि जन्मभर उन्हात राबलेला माणूस आता धोतर, सदरा, टोपी घालून ओसरीच्या सावलीत बसून असतो. चुकले ते एवढेच, की आठ आठवड्यांनी थांबायचे हे कुणी सांगितले नाही. त्यावर दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिण्याची सवय. हे मुतखड्याला आमंत्रण होते, आणि त्यांचा बद्धकोष्ठही वाढला होता. जस्त दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर तांब्याचे शोषण घटते, आणि तांब्याच्या उणिवेने होणारा मज्जारज्जूचा आजार बी-१२च्या आजारासारखाच दिसतो. म्हणून तांब्याची तपासणी बाहेरगावी पाठवली. ती ठीक आली.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल त्यांना शेजारच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी ‘प्रोस्टेटसाठी चांगली’ म्हणून सुचवली होती. याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेसह काही भागांत ३५,५३३ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात तो नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत १७ टक्क्यांनी अधिक आढळला. बहुजीवनसत्त्व गोळी त्या मानाने निरुपद्रवी आहे. पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर अकरा वर्षे चाललेल्या अभ्यासात कर्करोगाचे एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी कमी दिसले, हृदयविकारावर काही परिणाम दिसला नाही. दात नसलेल्या, कमी जेवणाऱ्या माणसाला अशी गोळी द्यायला माझी हरकत नसते. मात्र एखाद्या मोठ्या उणिवेचा तो इलाज नव्हे.

उपचार

बी-१२चे १,००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन दंडात, एक दिवसाआड तीन आठवडे, मग दर आठवड्याला, मग दर महिन्याला, असा क्रम ठरवला. नसांवर परिणाम झाला असेल तर सुरुवात इंजेक्शनने करणेच योग्य. तीव्र रक्तक्षयात उपचाराच्या पहिल्या दिवसांत नव्या पेशी झपाट्याने तयार होताना रक्तातले पोटॅशियम उतरू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा तेही पाहिले. ते ठीक होते.

मेटफॉर्मिन बंद करावे का, असे थोरल्या मुलाने फोनवरून विचारले. ते मी बंद केले नाही. साखर आटोक्यात ठेवणारे, स्वस्त आणि जुने जाणते औषध आहे. त्याच्यामुळे होणारी तूट भरून काढता येते, तेव्हा तूट भरावी आणि औषध ठेवावे. पॅन्टोप्राझोल मात्र आधी एक दिवसाआड आणि महिन्याभराने बंद केले, कारण ते एकदम सोडले तर आम्ल उसळून जळजळ वाढते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. पुडी, कॅल्शियम, ई, जस्त आणि फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी थांबवली. प्रीगाबालिन हळूहळू कमी केले. त्याने वृद्धांना गरगरते, आणि आप्पांच्या डगमगण्यात त्याचाही वाटा होता.

एक प्रश्न आप्पांनी स्वतः विचारला आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच होता : या इंजेक्शनात ‘काही वावगं’ तर नाही? औषधातले बी-१२ जिवाणूंच्या मदतीने आंबवून तयार करतात, त्यासाठी प्राणी मारत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले. कॅप्सूलचे मऊ आवरण बहुधा जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, हेही मला त्यांना सांगावे लागले, आणि इतके महिने आपण ते गिळत होतो याचे त्यांना फार वाईट वाटले. माळकरी किंवा जैन रुग्णाला औषध लिहिताना साधी गोळी निवडणे शक्य असते, तेव्हा ते आठवणीने करावे.

अंडी सुरू करावीत का, असे मुलाने विचारले तेव्हा आप्पा गप्प बसले. त्यांच्या माळेचा मान राखूनही हा आजार पूर्ण हाताळता येतो, हे मी मुलाला सांगितले आणि तो विषय तिथेच मिटवला. रोज अडीचशे मिलिलिटर दूध, एकदाच उकळलेले, रात्री भाकरीत कुस्करून. दुपारी एक वाटी दही, पाणीदार ताकाऐवजी. एवढ्याने कॅल्शियमची निम्म्याच्या आसपास गरज भागते. उरलेली तिळाची आणि कारळ्याची चटणी, आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची आंबील, आणि उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा व शेंगदाणे, यांतून भागवायचे ठरले. चहा जेवणाला लागून नको, तास-दीड तासाचे अंतर हवे, आणि वरणावर लिंबू पिळायचे, म्हणजे भाकरी-डाळीतले लोह अधिक शोषले जाते. सुनेने यातली एकही वस्तू बाहेरून आणावी लागणार नाही असे सांगितले. दुधाचा रतीब तेवढा वाढवला. पिशवीतल्या बंद झालेल्या औषधांचा खर्च त्यापेक्षा जास्त होता.

पुढचे महिने

दोन आठवड्यांत जिभेची आग थांबली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी हिमोग्लोबिन १३.१ आणि पेशींचा आकार ९२ झाला. पॅन्टोप्राझोल सुटल्यावर मॅग्नेशियम १.९ वर आले आणि पोटऱ्यांतले गोळे थांबले. कॅल्शियम मर्यादेत आले. पाय मात्र सावकाश सुधारले, आणि याची कल्पना घरच्यांना आधीच दिलेली असल्यामुळे त्यांनी मध्येच उपचार सोडले नाहीत. पहिल्या महिन्यात तर झिणझिण्या वाढल्यासारख्या वाटल्या. नसा सावरताना असे कधीकधी होते. तिसऱ्या महिन्यात तोंड धुताना भिंत धरावी लागेनाशी झाली. सहाव्या महिन्यात ट्यूनिंग फोर्क घोट्यावर जाणवू लागला. वर्ष पूर्ण झाले तरी अंगठ्यावर तो जाणवत नाही. तेवढा बधिरपणा कायमचा राहील असे दिसते; त्यात मधुमेहाचा भाग किती आणि उशिराचा किती, हे आता वेगळे करता येणार नाही. पायांना जखम झालेली कळणार नाही म्हणून रोज रात्री सून त्यांचे तळवे उजेडात पाहते, आणि शेतात जाताना ते बंद बूट घालतात.

इंजेक्शने सहा महिन्यांनी थांबवून आता १,००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी आहे. शोषणाची नेहमीची वाट अडलेली असली, तरी मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का आतड्यातून आपोआप पाझरून आत जातो, आणि १,०००चा एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या कितीतरी वर. ही गोळी मेटफॉर्मिन असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, घ्यायची आहे. ड जीवनसत्त्वाचा आकडा वर्षाने ४१ आला. पुन्हा पुडी सुरू केलेली नाही, सकाळच्या कोवळ्या नव्हे तर दहा-अकराच्या उन्हात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसायला सांगितले आहे, उन्हाळा वगळून.

आप्पांचे धाकटे भाऊ ६६ वर्षांचे, तेही माळकरी, आणि आठ वर्षे मेटफॉर्मिन घेतात. त्यांना काही त्रास नव्हता. आप्पांनीच त्यांना तपासणीला धाडले. त्यांचे बी-१२ २४० आले, संशयाच्या पट्ट्यात. हिमोग्लोबिन आणि पायांची जाणीव चांगली. त्यांना इंजेक्शन न देता गोळीच सुरू केली असून तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे.